वाचकांचे प्रश्न : जगज्जेता मुष्टियोद्धा सभागृहात जातो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच विषयाकडे वळणारी निघाली. मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद मिळवलेला माणूस राजकारणात उतरला, तर पुढे त्याचे आणि त्याला निवडून देणाऱ्यांचे काय होते, असा त्या पत्रांचा रोख आहे. निवडणुका जवळ आल्या की नाशिकमध्येही तालमीतले, मैदानावरचे एखादे नाव उमेदवारीसाठी चर्चेत येतेच, त्यामुळे हा प्रश्न वाचकांना आपला वाटला असावा. यावेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालमीच्या ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत एक वाद झाला. फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ हा खासदार असताना जगज्जेता होता, असे काहींचे म्हणणे. तर लढती सोडल्यावरच तो राजकारणात गेला, असे इतरांचे. खरे काय? आणि तो आठ वजनगटांत विजेता होता म्हणजे नेमके काय, हेही सांगावे.
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : पहिल्या गटाचे म्हणणे बरोबर आहे. पॅकियाओ मे २०१० मध्ये सारंगानी या दक्षिणेकडील प्रांतातून फिलिपिन्सच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, १३ नोव्हेंबर २०१० रोजी, अमेरिकेतील टेक्सासमध्ये अँटोनियो मार्गारितो याला हरवून त्याने आठव्या वजनगटातील विजेतेपद मिळवले. पुढे २०१६ मध्ये सिनेटर झाल्यावरही तो लढतच राहिला. त्यामुळे त्याचे खेळाडूपण आणि त्याचे लोकप्रतिनिधित्व ही दोन वेगळी पर्वे नाहीत; अकरा वर्षे ती एकमेकांत गुंतलेली होती, आणि त्याच्या राजकारणातील बरेचसे बरेवाईट या गुंत्यातूनच आले आहे.

त्याचा जन्म १७ डिसेंबर १९७८ रोजी मिंदानाओ बेटावरील किबावे येथे झाला आणि तो जनरल सांतोस या बंदराच्या शहरात वाढला. घरात खायची भ्रांत होती. लहानपणी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकून तो घराला हातभार लावत असे, आणि वयाच्या साधारण चौदाव्या वर्षी घर सोडून, जहाजातून मनिलाला पोहोचून, तो तेथे मिळेल ती मजुरी करत उघड्यावर झोपत मुष्टियुद्धाचा सराव करू लागला. २२ जानेवारी १९९५ रोजी, सोळाव्या वर्षी, त्याने पहिली व्यावसायिक लढत दिली. त्या काळातील एक गोष्ट तो स्वतः सांगत आला आहे: सर्वांत हलक्या गटात उतरण्यासाठीही त्याचे वजन कमी पडत असे, म्हणून तो खिशात वजने ठेवून काट्यावर उभा राहायचा. एरवी या खेळात सगळी तारांबळ असते ती वजन उतरवण्यासाठी. येथे एक उपाशी मुलगा ते वाढवून दाखवत होता. त्याच्या पुढच्या साऱ्या कारकिर्दीवर या एका गोष्टीचा प्रकाश पडतो असे मला वाटते.

आता आठ वजनगटांविषयी. मुष्टियुद्धात वजनाप्रमाणे गट केलेले असतात, कारण दोन-तीन किलोंच्या फरकानेही ठोशाची ताकद आणि तो सोसण्याची क्षमता बदलते. पॅकियाओने डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडमध्ये चाचाई सासाकुल याला हरवून फ्लायवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्या गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो होती. बारा वर्षांनी मार्गारितोला हरवून त्याने जो सुपर वेल्टरवेट गटाचा किताब जिंकला, त्या गटाची मर्यादा १५४ पौंड, म्हणजे सुमारे ७० किलो आहे. दरम्यान जून २००१ मध्ये, ऐनवेळी माघार घेतलेल्या खेळाडूच्या जागी जेमतेम दोन आठवड्यांच्या सूचनेवर लास व्हेगासमध्ये उतरून त्याने लेहलो लेदवाबाला सहाव्या फेरीत हरवले आणि अमेरिकेला त्याचे नाव कळले. डिसेंबर २००८ मध्ये त्याच्यापेक्षा उंच आणि थोराड असलेला ऑस्कर डे ला होया आठ फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. मात्र ‘आठ’ हा आकडा सांगताना एक तपशील जोडायला हवा. या खेळात किताब देणाऱ्या चार प्रमुख संघटना आहेत आणि केवळ त्यांचेच किताब धरले, तर पॅकियाओचे गट सहा होतात. उरलेल्या दोन गटांत त्या गटाच्या मान्यताप्राप्त अव्वल मुष्टियोद्ध्याला हरवल्यामुळे तो विजेता मानला जातो. सहा धरले तरी त्याचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

मार्गारितोविरुद्धची ती लढत जमल्यास आपल्या मंडळींनी अवश्य पाहावी. काट्यावर पॅकियाओ सुमारे ६५ किलो होता आणि लढतीच्या रात्री समोरचा माणूस त्याच्यापेक्षा सात-आठ किलोंनी जड झालेला होता. तरीही शेवटच्या फेऱ्यांपर्यंत मार्गारितोचा उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता, आणि अकराव्या फेरीत पॅकियाओ ठोसे थांबवून पंचांकडे पाहू लागला. आता ही लढत थांबवावी, असे तो सुचवत होता. पंचांनी ती थांबवली नाही. बाराव्या फेरीत पॅकियाओने हात आखडता घेतला आणि गुणांवर विजय स्वीकारला. मार्गारितोच्या डोळ्याखालील हाड मोडल्याचे नंतर निष्पन्न झाले आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. खासदार म्हणून शपथ घेतलेल्या माणसाने ऐन लढतीत दाखवलेली ही दया खरी होती, आणि पुढच्या उत्तरात मी त्याच्यावर जी टीका करणार आहे ती वाचताना वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातील एक मुलगा बॉक्सिंगच्या सरावासाठी शाळा बुडवतो. समजावायला गेले तर ‘पॅकियाओ कुठे शिकला होता?’ असे विचारतो. त्याला काय सांगावे?
(एक शिक्षिका, सातपूर)

उत्तर : त्याला पॅकियाओचेच उदाहरण पूर्ण सांगावे. गरिबीमुळे पॅकियाओची शाळा सुटली हे खरे आहे, परंतु त्याने ते कधी मिरवले नाही. जगज्जेता झाल्यावर, हातात भरपूर पैसा असताना, शाळा सोडलेल्यांसाठी असलेली समकक्षतेची परीक्षा देऊन त्याने २००७ मध्ये माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवले. पुढे सिनेटर असताना, २०१९ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षानंतर, त्याने मकाती विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेतली. कायद्याचा मसुदा समोर आल्यावर तो वाचता यावा, समितीच्या बैठकीत काय चालले आहे ते कळावे, याची निकड त्याला त्या खुर्चीवर बसल्यावर जाणवली असणार.

तरीही मुलाला एकट्या उपदेशाने वळवता येणार नाही. त्याच्या प्रशिक्षकांना भेटा. सराव पहाटे किंवा शाळा सुटल्यावर ठेवता येईल का, हे विचारा, आणि ‘शाळेत हजर राहिलास तरच स्पर्धेला नाव पाठवू’ असे प्रशिक्षकांच्या तोंडून त्याला ऐकू द्या. शालेय क्रीडा स्पर्धांना शाळेच्या वतीनेच प्रवेश मिळतो आणि राज्य व राष्ट्रीय पातळीवर यश मिळवणाऱ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत असते, ही माहितीही त्याच्या घरच्यांना द्यावी. मुलाचा खेळ तोडू नये. आपल्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणण्याच्या कामावरून सैन्यात गेला, तेथे त्याच्या हाती वल्हे आले आणि तो २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. कष्टकरी घरातील मुलाला खेळ हा वर येण्याचा एक खराखुरा रस्ता असतो. तो बंद करून शाळा वाचवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पॅकियाओ गरिबीतून आला, त्यामुळे गरिबांसाठी त्याने राजकारणात बरेच केले असेल असे वाटते. त्याची राजकीय कारकीर्द कशी होती? तो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक का हरला?
(एक वाचक, सिडको)

उत्तर : प्रारंभच पराभवाने झाला. २००७ मध्ये, लोकप्रियतेच्या ऐन भरात, त्याने दक्षिण कोताबातो प्रांतातील मतदारसंघातून निवडणूक लढवली आणि विद्यमान प्रतिनिधी डार्लीन अँतोनिनो-कुस्तोदियो यांनी त्याला सहज हरवले. त्याने लढतच राहावे, राजकारणाच्या चिखलात पडू नये, अशी भावना त्याच्या चाहत्यांमध्येही होती. ज्या देशात त्याची लढत असली की रस्ते ओस पडत, त्या देशातील मतदारांनी ‘तुझ्यावर प्रेम आहे, पण मत नाही’ असे स्पष्ट सांगावे, हे मला फार समंजसपणाचे वाटते. २०१० मध्ये त्याने मतदारसंघ बदलला, पत्नीच्या माहेरच्या सारंगानी प्रांतातून उभा राहिला आणि तेथील जुन्या, धनाढ्य राजकीय घराण्याच्या उमेदवाराला जवळपास दुप्पट मते घेऊन हरवले. २०१३ मध्ये तर त्याच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही.

त्याने लोकांना मदत केली का? निःसंशय केली, आणि सढळ हाताने केली. जनरल सांतोसमध्ये त्याच्या दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागलेली असे. औषधोपचार, अंत्यसंस्कार, मुलांची फी, यांसाठी तो खिशातून पैसे देत असे. बेघरांसाठी त्याने स्वतःच्या पैशांतून घरे बांधून दिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान चक्रीवादळाने हजारो लोकांचा बळी घेतला, तेव्हा मकाऊ येथील लढत त्याने वादळग्रस्तांना अर्पण केली आणि नंतर तो त्यांच्या भेटीला गेला. हे सारे नोंदवूनही मी म्हणेन की दारात आलेल्याला पैसे देणे हे दात्याचे काम आहे. ज्या कारणाने तो माणूस दारात येतो ते कारण दूर करणे हे लोकप्रतिनिधीचे काम आहे, आणि त्यासाठी सभागृहात बसावे लागते.

नेमके तेच त्याने पुरेसे केले नाही. यासाठी २०१४ हे एकच वर्ष पाहा. एप्रिलमध्ये लास व्हेगासमध्ये टिमथी ब्रॅडलीशी लढत झाली. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील एका नव्या संघाचा तो मुख्य प्रशिक्षक झाला, आणि एवढ्यावर न थांबता खेळाडूंच्या निवडीत स्वतःचीच निवड करून त्या संघातून मैदानातही उतरला. नोव्हेंबरमध्ये मकाऊ येथे ख्रिस अल्जिएरीशी लढत झाली. एका मोठ्या लढतीच्या तयारीला दीड-दोन महिने लागतात आणि तेवढा काळ माणूस मतदारसंघात नसतो, राजधानीतही नसतो. त्या संपूर्ण वर्षात प्रतिनिधिगृहाच्या कामकाजाला तो अवघे चार दिवस हजर होता, असे तेथील वृत्तपत्रांनी सभागृहाच्या नोंदींवरून छापले. सारंगानीच्या सुमारे पाच लाख लोकांना दिल्या गेलेल्या एकमेव खुर्चीवर वर्षातून चार दिवस माणूस बसला होता. त्या लोकांपैकी कोणाच्या गावात रस्ता नव्हता, कोणाला दवाखान्यासाठी दुसऱ्या प्रांतात जावे लागत होते, आणि त्यांची बाजू मांडण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या सभागृहात त्यांच्याकडे नव्हता. याला माझ्या लेखी क्षमा नाही.

असे असूनही मे २०१६ मध्ये तो सिनेटवर निवडून आला. फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये २४ सदस्य असतात, दर तीन वर्षांनी त्यांतील १२ जागा भरल्या जातात आणि त्यासाठी संपूर्ण देश हाच एक मतदारसंघ असतो. त्याला एक कोटी साठ लाखांहून अधिक मते पडली आणि तो सातव्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत समलिंगी जोडप्यांविषयी त्याने अत्यंत हीन शब्द वापरले होते. त्याने माफी मागितली, पण नायकी कंपनीने त्याच्याशी असलेला करार तोडला. मतांवर याचा फारसा परिणाम झालेला दिसला नाही.

सिनेटमध्ये तो राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांचा खंदा पाठीराखा होता. फाशीची शिक्षा पुन्हा आणावी असा आग्रह त्याने धरला आणि त्यासाठी बायबलचा आधार दिला. दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतील हत्यांची चौकशी सिनेटच्या न्याय समितीच्या प्रमुख लैला दे लिमा चालवत होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव मांडला तो पॅकियाओनेच. दे लिमा यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये अटक झाली आणि त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावर सुटल्या. त्या मोहिमेत मारले गेलेले बहुसंख्य लोक झोपडपट्ट्यांतील गरीब होते. मनिलात सोळाव्या वर्षी पॅकियाओ ज्यांच्यात राहत होता त्याच वर्गातील. मार्गारितोचा डोळा पाहून ज्याने हात आवरला, तो माणूस येथे हात वर करून मोकळा झाला. त्याच्या साऱ्या आयुष्यातील मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

२०२१ मध्ये दुतेर्ते यांच्याशी त्याचे बिनसले. सरकारमधील भ्रष्टाचार आणि दक्षिण चीन समुद्राबाबतची मवाळ भूमिका यांवर त्याने उघड टीका केली, त्यानंतर सत्ताधारी पक्षातील दुसऱ्या गटाने त्याला पक्षाध्यक्षपदावरून काढले. २१ ऑगस्ट २०२१ रोजी तो क्यूबाच्या योर्देनिस उगासकडून हरला, २९ सप्टेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली आणि एका छोट्या पक्षाच्या तिकिटावर राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला. मे २०२२ च्या निकालात फर्डिनांड मार्कोस कनिष्ठ यांना तीन कोटी सोळा लाखांच्या आसपास, लेनी रोब्रेदो यांना दीड कोटी आणि पॅकियाओला सुमारे साडेछत्तीस लाख मते मिळाली.

तो का हरला, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. सिनेटसाठी मतदार एकाच मतपत्रिकेवर बारा नावे निवडू शकतो आणि त्या बारांत एक लाडका खेळाडू सहज बसतो. राष्ट्राध्यक्षासाठी नाव एकच निवडायचे असते. तेव्हा पक्षयंत्रणा, घराणी, प्रादेशिक निष्ठा आणि कामाचा इतिहास हे सारे पणाला लागते, आणि त्यातील काहीही त्याच्याकडे पुरेसे नव्हते. मे २०२५ मध्ये तो पुन्हा सिनेटसाठी उभा राहिला आणि पहिल्या बारांतही आला नाही. त्यानंतर जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्धाच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला आणि जुलैमध्ये, सेहेचाळीस वर्षांचा असताना, त्याने लास व्हेगासमध्ये मारियो बॅरियोसशी बरोबरी साधली. आणखी एक गोष्ट राहिली: या काळात त्याची पत्नी सारंगानीची उपराज्यपाल झाली, आणि त्याने सोडलेल्या प्रतिनिधिगृहाच्या जागेवर त्याचा भाऊ निवडून आला. ज्या घराणेशाहीला हरवून तो आला, तीच त्याच्या घरात आली. महाराष्ट्रातील वाचकांना यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मी निवृत्त कर्मचारी असून युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या नियमित वाचतो. कीव शहराचे महापौर व्हिताली क्लिच्को हेही जगज्जेते होते. त्यांचा अनुभव पॅकियाओपेक्षा वेगळा आहे काय?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : वेगळा आहे, आणि त्याचे मुख्य कारण मला असे दिसते की मोठे पद हाती येण्यापूर्वी त्याने लढणे थांबवले होते. क्लिच्को हा दोन मीटरहून अधिक उंचीचा हेवीवेट मुष्टियोद्धा. ४७ व्यावसायिक लढतींपैकी ४५ त्याने जिंकल्या, त्यांतील ४१ समोरच्याला बाद करून, आणि व्यावसायिक कारकिर्दीत तो एकदाही खाली पडला नाही. हरलेल्या दोन्ही लढती दुखापतीमुळे सुटल्या. २००३ मध्ये लेनॉक्स लुइसविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तो गुणांत पुढे असताना डोळ्याजवळच्या खोल जखमेमुळे डॉक्टरांनी लढत थांबवली. त्याने क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली आहे.

कीवच्या महापौरपदासाठी तो २००६ मध्ये उभा राहिला आणि दुसरा आला. २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि तिसरा आला. दुसऱ्या पराभवानंतर त्याने रिंगमध्ये परतून पुन्हा जगज्जेतेपद मिळवले खरे, पण २०१२ मध्ये त्याचा पक्ष चाळीस जागा घेऊन संसदेत पोहोचल्यावर तो पुन्हा लढला नाही आणि २०१३ च्या अखेरीस त्याने किताब सोडला. कीवमधील सरकारविरोधी आंदोलनाच्या काळात, जानेवारी २०१४ मध्ये, जमावाला शांत करायला गेला असताना कोणीतरी त्याच्याच चेहऱ्यावर अग्निशामक नळकांड्यातील पांढरी भुकटी उडवली. त्या अवस्थेतही त्याने कोणावर हात उगारला नाही. जून २०१४ पासून तो महापौर आहे आणि २०१५ व २०२० मध्ये पुन्हा निवडून आला.

त्याच्यावर टीका नाही असे मुळीच नाही. १ जून २०२३ च्या पहाटे हवाई हल्ल्याचा इशारा झाल्यावर कीवमधील एका दवाखान्याच्या आश्रयस्थानाकडे धावलेल्या लोकांना दार बंद आढळले, आणि बाहेर थांबलेल्या तिघांचा मृत्यू झाला. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिची आई होती. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी महापालिकेच्या कारभारावर जाहीर ठपका ठेवला. क्लिच्कोने काही जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले आणि काही इतरांकडे बोट दाखवले. महापौराची खरी परीक्षा अशा दारापाशी होते: शहरातील आश्रयस्थाने किती, त्यांतील उघडी किती, रात्री किल्ली कोणाकडे असते. यातील कोणत्याही प्रश्नाला जगज्जेतेपदाचा पट्टा उत्तर देऊ शकत नाही. हे प्रश्न रोज विचारणारा माणूस लागतो, आणि उत्तरे चुकली तर लोकांसमोर उभा राहणारा माणूस लागतो. क्लिच्को तेथे उभा तरी असतो. लढती आणि नगरपालन एकाच वेळी चालवले असते, तर तेही जमले नसते.

प्रश्न : मी स्वतः बॉक्सिंग खेळते. भारतातील मुष्टियोद्धे राजकारणात गेले आहेत का? राज्यसभेत खेळाडूंसाठी राखीव जागा असते असे ऐकले, ते खरे आहे का?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : राखीव जागा नाही. राज्यघटनेच्या ८० व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नामनियुक्त करतात आणि तेथे साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा ही चार क्षेत्रे सांगितली आहेत. क्रीडा हा शब्द त्यात नाही. तरीही २००३ मध्ये कुस्तीगीर दारा सिंग, २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर आणि २०२२ मध्ये पी. टी. उषा यांची या मार्गाने नियुक्ती झाली. मेरी कोम एप्रिल २०१६ ते एप्रिल २०२२ या काळात अशीच नामनियुक्त सदस्य होती, आणि त्या काळातच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिने दिल्लीत सहावे जागतिक अजिंक्यपद मिळवले. तुझ्यासारख्या मुलींना तिचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. माझे मत एवढेच, की सक्रिय खेळाडूला नामनियुक्त करून आपण त्याच्यावर आणि सभागृहावर अन्याय करतो. सन्मानच करायचा असेल तर त्यासाठी पुरस्कार आहेत.

निवडणुकीच्या मार्गाने गेलेला मुष्टियोद्धा म्हणजे विजेंदर सिंग. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याने भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर तो दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभा राहिला आणि तिसरा आला. एप्रिल २०२४ मध्ये त्याने भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. मुष्टियोद्धा नसला तरी नेमबाज राज्यवर्धनसिंह राठोड यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. २००४ चे ऑलिम्पिक रौप्यपदक, नंतर सैन्याची नोकरी सोडून राजकारण, २०१४ मध्ये लोकसभा आणि पुढे क्रीडामंत्रिपद, असा त्यांचा क्रम राहिला.

तू सध्या खेळ. राजकारणात यायचे असेल तर वय तुझ्या बाजूने आहे.

प्रश्न : आमच्या प्रभागात एखादा नामवंत खेळाडू उभा राहिला, तर मतदार म्हणून त्याला काय विचारावे? तो आधी निवडून आलेला असेल तर त्याचे काम कसे तपासावे?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : पहिला प्रश्न हाच विचारावा की निवडून आल्यावर खेळ, अकादमी, स्पर्धांचे परीक्षण, जाहिराती यांपैकी काय चालू राहणार आणि काय बंद होणार. याचे उत्तर गुळमुळीत आले तर पुढचे विचारण्यात हशील नाही. दुसरा प्रश्न प्रभागातील एखाद्या ठोस कामाविषयी असावा. पाण्याची वेळ, बंद पडलेली व्यायामशाळा, मैदानावरील अतिक्रमण, असे काहीही चालेल. मात्र त्यासाठी महापालिकेच्या कोणत्या विभागाकडे जावे लागते हे उमेदवाराला ठाऊक आहे का, ते पाहावे. खेळाडूंच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगतो: मैदान, आहार, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च यांतील हाल त्यांनी स्वतः सोसलेले असतात आणि त्या विषयांवर ते इतर कोणाहीपेक्षा जाणतेपणाने बोलू शकतात. ते ज्ञान सभागृहात यायला हवे, म्हणूनच त्यांनी सभागृहात हजर असायला हवे.

आधी निवडून आलेल्यांची हजेरी तपासणे अवघड नाही. खासदारांची उपस्थिती, त्यांनी विचारलेले प्रश्न आणि चर्चेतील सहभाग यांच्या नोंदी संसदेच्या संकेतस्थळावर खुल्या असतात. घटनेच्या १०१ व्या अनुच्छेदाप्रमाणे परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा रिक्त घोषित करण्याचा अधिकारही सभागृहाला आहे. नगरसेवकांच्या बाबतीत महासभेचे इतिवृत्त आणि हजेरीपत्रक नगरसचिव कार्यालयात असते. माहिती अधिकाराखाली तेथील जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा, दहा रुपये शुल्क भरावे, आणि कोणत्या वर्षातील कोणत्या सदस्याची उपस्थिती हवी आहे ते नेमके लिहावे. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिल्यास अर्ज रेंगाळतो. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे पुढील तीस दिवसांत अपील करता येते, आणि त्यासाठी मूळ अर्जाची पोचपावती जपून ठेवावी लागते.